सरकलेली गादी

खालच्या खाचरातले भाताचे शेवटचे भारे वर खळ्यावर न्यायचे राहिले होते. आवडीने एक भारा गुडघ्यावर घेतला, तिथून डोक्यावर टाकायला कंबर वळवली आणि भारा सुटून बांधावर पडला. ती मात्र वाकलेली तशीच राहिली. कंबरेत काहीतरी चटकन तुटल्यासारखं झालं होतं आणि डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत तापली सळई ओढावी तशी आग उतरली होती.

"काय झालं गो?" तिच्या नवऱ्याने, भिकूने, वरच्या बांधावरून विचारलं.

"काय नाय. लचक भरली."

"मंग बस जरा."

बसायला गेली तर बसवेना. उभी राहायला गेली तर कंबर सरळ होईना. दोन्ही हात टेकत, शेळीसारखी बांध चढत ती वर आली. शेजारच्या खाचरात रखमा कापत होती. ती विळा थांबवून बघत राहिली. कोंडावर, म्हणजे त्या डोंगरातल्या वाडीत, आवडीइतका मोठा भारा दुसरी कोणी बाई उचलत नसे. लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिलाही.

त्यांचा कोंड पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या एका सोंडेवर होता. रस्त्याला मिनीडोर, सीटवर माणसं नेणारी मोठी रिक्षा, मिळायची, पण रस्त्यापर्यंत पायवाट उतरून जावं लागे. घरात आता दोघंच. मुलगा भरत मुंबईला, कुरिअरच्या गोदामात. गणपतीला आणि शिमग्याला यायचा.

भिकूने निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधला आणि कंबर शेकली. मिठाची पुरचुंडी केली. तेल चोळलं. आवडी कुशीवर पडून राहायची आणि खळ्यावर झोडपणीचा आवाज ऐकायची. आवाजावरूनच तिला कळायचं की भिकू एकटाच झोडतोय आणि पेंढी पुरती झाडत नाय.

"दाणे ऱ्हातायत पेंढ्यात," ती आतून ओरडायची.

"ऱ्हाऊंदे. गुरं खातील."

चार-पाच दिवसांत कंबरेची कळ थोडी बसली, पण पायातली वाढली. शिंक आली तरी अंगठ्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. मग भिकूने पांडूला बोलावलं. पांडू पलीकडच्या वाडीचा. माणसांची, गुरांची निखळलेली हाडं बसवायचा आणि त्याच्या हाताला गुण होता. त्याने आवडीला पालथी पाडलं, वाशाला धरून तिच्या कंबरेवर टाच ठेवली आणि भार दिला. आवडीने पदर दातात धरला तरी किंकाळी बाहेर आलीच.

"बसला," पांडू म्हणाला. "उद्यापासनं चालंल."

उद्या तिला पाऊलही टेकवेना. परसाकडे जायला ती ओट्यावरून रांगत निघाली, तेव्हा भिकूने तिच्याकडे बघितलं नाय. तो सरळ शेजारी गेला आणि माणसं घेऊन आला.

शिडीवर गोधडी टाकून तिला वर निजवलं. पुढे दोघे, मागे दोघे. पायवाट उतरायला लागले तशी आवडी म्हणाली, "पाय पुढं करून नेऊ नका. मेले नाय मी अजून."

पुढचे दोघे हसले. शिडी फिरवून घेतली. रखमाच्या दारावरून जाताना आवडीने पदर तोंडावर ओढून घेतला. ह्या वाटेवरून तिने लोकांच्या दळणाच्या पिशव्या वर नेल्या होत्या, सिलिंडर नेले होते, बाळंतीण नेली होती. आज तिलाच लोक उतरवत होते.

महाडच्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर उताणी निजवलं. पाय सरळ ठेवून वर उचलला. थोडा वर जाताच ती विव्हळली. त्यांनी पायाच्या अंगठ्यावर बोट दाबून म्हटलं, "वर ढकला. जोर लावा." तिने लावला. लघवी कळते का, थांबवता येते का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, हेही त्यांनी विचारलं. भिकू भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिला. आवडीने मान हलवूनच उत्तरं दिली. मग पनवेलला जाऊन मशीनमधला फोटो काढून आणावा लागला.

फोटो उजेडापुढे धरून डॉक्टर म्हणाले, "हे मणके. मधे मधे गादी असते. ही खालची गादी मागे सरकलीय आणि पायाच्या शिरेवर टेकलीय. म्हणून दुखणं कंबरेचं आणि आग पायात."

"कापावं लागंल?" भिकूने विचारलं.

"आत्ता तरी नाही. पायात ताकद आहे, लघवीचं ठीक आहे. बऱ्याच जणांची गादी हळूहळू आपणच आक्रसते, शिरेवरचा दाब कमी होतो. गोळ्या देतो, सूज आणि आग कमी होईल. नुसतं झोपून राहायचं नाही. बाजूला मॅडम आहेत, त्या व्यायाम शिकवतील. आणि कोणाला पाठीवर पाय द्यायला सांगू नका आता."

शेवटचं वाक्य त्यांनी भिकूकडे बघून म्हटलं. भिकूने खाली बघितलं.

बाजूच्या खोलीत तेजश्री मॅडम होत्या. भरतच्याच वयाच्या. त्यांनी आवडीला आधी अंथरुणातून उठायला शिकवलं: कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातांवर जोर देऊन उठायचं. नंतर पालथं झोपायला सांगितलं, मग कोपरांवर छाती उचलायला.

"दिवसातून पाच-सहा वेळा हे करायचं, मावशी. मधे मधे सपाटीवर चालायचं. आणि एक लक्षात ठेवा. पायातली कळ वर सरकत कंबरेत आली, कंबर जास्त दुखायला लागली, तरी घाबरू नका. ते चांगलं लक्षण आहे. कळ खाली पावलाकडे गेली तर मात्र व्यायाम थांबवा आणि मला फोन करा."

"पट्टा देतात ना, कंबरेला?"

"प्रवासापुरता घाला. दिवसभर घातलात तर कंबर आळशी होते." मॅडम बोटांवर मोजत गेल्या. "वाकायचं नाही. ओझं नाही. उकिडवं बसायचं नाही. घरी पाणी कोण आणतं?"

"मीच."

"भांडी, झाडलोट, चूल?"

आवडीने भिकूकडे बघितलं आणि हसू दाबलं. मॅडमनीही भिकूकडेच बघितलं. "काका, मग औषध तुम्हालाच द्यायला हवं," त्या म्हणाल्या.

कोंडावर नळ आला होता, पण वर टाकीत पाणी चढत नव्हतं. पाणी झऱ्यावरूनच आणायचं. भिकूने पहिल्या दिवशी बायका यायच्या आधी, उजाडता उजाडता पाणी भरलं. दोन हंडे डोक्यावर घ्यायचे त्याला जमेना. काठीला दोन्हीकडे दोऱ्या बांधून त्याने कावड केली. त्यात अर्धं पाणी वाटेत सांडलं. सकाळचं पाणी दुपारी संपलं आणि मग त्याला सगळ्यांच्या देखत जावं लागलं.

झऱ्यावर बायका बोलत होत्या त्या गप्प झाल्या. तो काठावर हंडे ठेवून उभा राहिला. कोणी त्याला पुढे हो म्हणेना आणि त्यालाही कोणाच्या मधे शिरता येईना. शेवटी सगळ्या भरून गेल्यावर तो खाली उतरला. दुकानावरच्या माणसांनी संध्याकाळी त्याला विचारलं, "काय भिकू, आज किती खेपा?" त्याने बिडी विझवली आणि घरी आला.

घरात तो भात करायचा. डाळीत मीठ दोनदा पडायचं, नायतर पडायचंच नाय. आवडी माजघरात पालथी पडून सूचना द्यायची आणि त्या सूचनांनी तो वैतागायचा. एकदा त्याने पातेलं आपटलं. "तूच कर मंग!" म्हणाला, आणि लगेच बाहेर जाऊन बसला. थोड्या वेळाने परत येऊन त्याने सांडलेला भात गोळा केला. परसाकडे तिला उकिडवं बसता येईना म्हणून त्याने सागाच्या फळ्यांची उंच चौकट ठोकून दिली. तीस वर्षांच्या संसारात असल्या गोष्टी दोघं कधी बोलली नव्हती.

व्यायामाच्या वेळी आवडी दार लोटून घ्यायची. एके दिवशी रखमा ताक मागायला आली आणि तिने दार ढकललं. आवडी कोपरांवर छाती उचलून, मान वर करून पडलेली.

"ह्ये काय गो? नागीण झालीस की काय?" रखमा हसत सुटली. मग चौकटीला टेकून म्हणाली, "बरं हाय तुझं. दादला पाणी भरतोय, रांधतोय. आमच्या नशिबी नाय बाबा असली दुखणी."

ती वाईट नव्हती. कापणीत आवडीचं राहिलेलं खाचर तिनेच न सांगता कापून दिलं होतं. पण ते वाक्य आवडीच्या अंगात राहिलं.

दोन आठवड्यांनी पायातली आग उतरली. कळ पोटरीतून मांडीत आली, मांडीतून कुल्ल्यात. कंबर मात्र ठणकत होती. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ती घाबरली नाय, उलट तिला वाटलं आता सुटले. एका सकाळी भिकू गुरांकडे गेला असताना तिने ओट्यावरचा रिकामा हंडा घेतला. रिकामाच तर होता. झऱ्यावर गेली, भरला, आणि रखमासकट सगळ्या बघत असताना हंडा कंबरेवर घेतला.

घर येईतो काही झालं नाय. दाराशी हंडा उतरवायला ती वाकली आणि तिथेच बसली. पाणी ओट्यावरून अंगणात गेलं. भिकू आला तेव्हा ती भिंतीला टेकून होती.

"चप्पल कुठं हाय तुझी?" त्याने विचारलं.

तिने पायाकडे बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती झऱ्याच्या वाटेवर कुठेतरी निसटून पडली होती आणि तिला कळलंच नव्हतं.

भिकूने हंडा उचलून आत ठेवला. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ओरडला नाय. वाटेवर जाऊन चप्पल शोधून आणली आणि तिच्या पायाशी ठेवली.

"कोणाला दावायला गेलीस?"

आवडी रडायला लागली. दुखण्याने ती इतक्या दिवसांत रडली नव्हती.

फोनवर ऐकून भरत दुसऱ्याच दिवशी मित्राची गाडी घेऊन आला. "बस झालं आता हे पालथं-उताणं," तो म्हणाला. "आपण ऑपरेशनच करून टाकू. तिकडं माझ्या ओळखीतल्या एकाचं केलं, दोन दिवसांत चालायला लागला. डायरेक्ट मुंबईला जाऊ."

"आधी महाडला," भिकू म्हणाला.

"बाबा, पाय लुळा पडला तर? तुम्ही पांडूतात्याला बोलावलं, तसलंच हे."

ते लागलं. भिकू गाडीचं दार धरून उभा राहिला. आवडी गाडीच्या मागच्या सीटवर कुशीवर पडली होती. ती म्हणाली, "पांडूला बोलावला तेव्हा मीच हो म्हटलं होतं. हंडा पन मीच उचलला. आता तुम्ही दोघं भांडू नका. महाडचा डॉक्टर कापायचं म्हणाला तर कापू."

डॉक्टरांनी पुन्हा अंगठ्यावर बोट ठेवलं. आता तो पहिल्यासारखा वर येत नव्हता. येत होता, पण त्यांच्या बोटाखाली दबत होता. त्यांनी टाचेवर चालायला लावलं. चार पावलं ती गेली, पाचव्याला पाऊल फटकन खाली पडलं.

"ताकद थोडी कमी झालीय," ते म्हणाले. "गेलेली नाही. ऑपरेशन केलं तर चूक ठरणार नाही आणि थोडं थांबलो तरी ठरणार नाही. पण थांबायचं तर डोळे उघडे ठेवून. मधला एक मार्ग आहे. मणक्याजवळ, शिरेच्या बाजूला इंजेक्शन देतात, मशीनवर बघत बघत. शिरेची सूज उतरते. ते देऊ. अंगठ्याचा जोर रोज तपासायचा. कमी होत गेला, किंवा लघवीला अडचण आली, तर त्याच दिवशी यायचं. मग थांबणार नाही."

"इंजेक्शनने गादी आत जाते?" भरतने विचारलं.

"नाही. गादीला तिचा वेळ मिळतो, आणि यांना व्यायाम करता येतो. बस."

भरतने आईकडे बघितलं. आवडी छताकडे बघत होती. "सुई द्या," ती म्हणाली.

इंजेक्शनसाठी तिला पालथी निजवून आत नेलं. बाहेर बाकावर बाप-लेक बसले होते. भरत म्हणाला, "सेजलला पाठवू का थोडे दिवस? पाणी-बिणी..." सेजल त्याची बायको. तीही कामाला जायची.

"नको. तिचं काम जाईल. पाणी आणतो मी."

"लोक हसतात म्हणे."

"हसून दमले आता," भिकू म्हणाला.

त्यानंतर रोज सकाळी चहा व्हायच्या आधी भिकू अंथरुणाशी बसायचा आणि आवडीच्या डाव्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवायचा. "ढकल." ती ढकलायची. त्याचं बोट नांगराच्या मुठीने जाड झालेलं. पहिल्या दिवसांत ते जागचं हलायचं नाय. तो चहा ठेवायला उठायचा, आणि ती त्याच्या पाठीकडे बघून ओळखायची. एकदा त्याने खोटंच म्हटलं, "आज जास्त हाय."

"खोटं बोलू नका. डाक्तरनं तपासायला सांगितलंय, समजूत काढायला नाय."

मग तो खरंच सांगायला लागला. कालच्यासारखा. कालच्यासारखा. थोडा कमी. उद्या अजून कमी भरला तर महाडला निघायचं म्हणून त्या दिवशी दोघांनी कपडे पिशवीत भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कालच्यासारखा. पिशवी खुंटीला तशीच राहिली.

आवडी आता दार लोटून घेत नव्हती. ओटीवर, उजेडात, चटई टाकून पालथी पडायची आणि वाटेने जाणाऱ्यांनी काय विचारलं तर पडल्या पडल्या उत्तर द्यायची. सकाळ-संध्याकाळ ती देवळापर्यंतच्या सपाटीवर रिकाम्या हाताने चालायची. सगळ्यात अवघड तेच होतं. समोरून मोळ्या घेऊन बायका यायच्या आणि ही हात हलवत चाललेली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळायचं नाय.

थंडी सरता सरता एका सकाळी तिने ढकललं आणि भिकूचं बोट वर गेलं. त्याने पुन्हा दाबलं, जोराने. पुन्हा वर गेलं. तो तसाच बसून राहिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"दुखतंय बोट," तो म्हणाला, आणि उठून चुलीपुढे गेला. त्या दिवशी त्याने चहात साखर घातलीच नाय आणि दोघांनी तो तसाच प्यायला.

महाडच्या डॉक्टरांनी तपासून ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलं. तेजश्री मॅडमनी पुढचे व्यायाम दिले, पोटाचे आणि पाठीचे, आणि बजावलं की हे आता चहा-भाकरीसारखं रोजचं. जड ओझं नाही ते नाहीच. "बरी झाले म्हणजे पहिल्यासारखी झाले असं समजू नका, मावशी." आवडीने ते ऐकून घेतलं. डोक्यावरचा तो मोठा भारा आता कधीच नाय, हे तिला त्या खोलीत पहिल्यांदा पुरतं कळलं. येताना मिनीडोरची पुढची, पाठ टेकायची सीट भरलेली होती; ती मागच्या फळीवर कंबरेचा पट्टा आवळून बसली.

वैशाखात रखमाच्या मुलीचं लग्न निघालं. कोंडावर मांडव पडला. पुरुषांना प्लास्टिकच्या खुर्च्या, बायकांना खाली ताडपत्री. आवडी बराच वेळ खांबाशी उभी राहिली. "बस की गो," बायका म्हणत होत्या, सरकून जागा देत होत्या. मांडी घालून बसलं तर रात्रीपर्यंत कळ पोटरीत उतरणार हे तिला माहीत होतं. उभं राहून राहून कंबरही भरून आली. शेवटी ती मांडवाच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि भिकूशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, पुरुषांच्या ओळीत, पाठ टेकून बसली.

ताडपत्रीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. तेवढ्यात हैबतीदादा आले. भिकूचे चुलत थोरले भाऊ. भावकीतला शेवटचा शब्द त्यांचा, आणि त्यांच्यापुढे कोंडावरची एकही सून आजवर खुर्चीवर बसली नव्हती. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. रखमा समोरून डोळ्यांनी खुणावत होती: ऊठ, ऊठ. आवडीचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. ती अर्धवट उठलीही.

"तू बस," भिकू हळूच म्हणाला आणि स्वतः उभा राहिला. "दादा, इथं या."

हैबती जागेवरूनच आवडीकडे बघत होते.

"मला खाली बसवत नाय, दादा," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "बसले तर उठवायला माणसं लागतील."

बँडवाला तेवढा सनईत फुंकर मारून बघत होता. हैबती खाकरले, काठी खांबाला टेकवली आणि भिकूच्या खुर्चीवर, भावजयीच्या शेजारी बसले. बसताना एक हात त्यांनी मांडीखाली दिला आणि पाय उचलून पुढे ठेवला. भिकू मागे जाऊन उभा राहिला.

अक्षता वाटणारा येऊन गेला. हैबती समोर बघतच हळू आवाजात म्हणाले, "कुठल्या पायात येती कळ?"

"डाव्या."

"माझ्या उजव्यात." त्यांनी मूठ उघडून अक्षता बघितल्या. "लय पावसाळे झाले. बोललो नाय कोणाला."

आवडीने त्यांच्याकडे वळून बघितलं. मानेने नाय, मॅडमनी शिकवलं होतं तसं सगळ्या अंगाने.

"अंगठा वर होतो काय तुमचा?"

"काय ठाऊक. कधी बघितला नाय."

"मंग आधी महाडला दाखवा. माझं ऐकून काय करू नका. तुमचं दुखणं माझ्यासारखंच असंल असं नाय."

मंगलाष्टकं सुरू झाली. सगळे उभे राहिले. हैबतीही काठी धरून उठायला लागले आणि अर्ध्यावर अडकले. आवडीने आपला हात पुढे केला नाय. तिने मागे बघितलं आणि भिकूने त्यांना काखेत धरून उभं केलं.

"तू येशील काय संगती?" अक्षता टाकता टाकता हैबतींनी विचारलं. "मला त्या लोकांशी बोलाया जमत नाय."

"येईन," आवडी म्हणाली. "पन मिनीडोरात पुढची सीट मी घेणार."